भित्रीनं लढायचं कसं

शूर माणसाची गोष्ट सांगणं तसं सोपं. त्याच्यापुढं एक संकट उभं केलं की बाकीचं तोच करतो. भित्र्याची गोष्ट सांगायची म्हटलं की सांगणाऱ्याची पंचाईत होते. त्याला भितरा ठेवावं तर गोष्ट जागची हलत नाही, आणि धीट करावं तर ज्याच्यावर आपला जीव जडला होता तोच नाहीसा होतो.

ही पंचाईत मला शिकवली ती फ्लटरशाय नावाच्या एका पिवळ्या, गुलाबी आयाळीच्या घोडीनं. 'माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' ही अमेरिकी कार्टून मालिका ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर 2019 मध्ये संपली. नऊ पर्वं, दोनशेबावीस भाग. काढली होती लहान मुलींसाठी. पण तिच्यावर जीव टाकणाऱ्यांत कॉलेजात जाणारी मुलं निघाली, नोकरीधंद्यातले बाप्ये निघाले, आणि पुढं माझ्यासारखी, जिला कुणी विचारलं तर "भाच्याबरोबर बघते" असं सांगायची सोय होती अशी बाईही निघाली. भाचा ती घोडी विसरून केव्हाच पुढं गेला. मी राहिले.

सहा मैत्रिणींपैकी ही एक. जात पेगससची, म्हणजे पंखवाल्या घोड्यांची, पण उंचीला घाबरणारी. ढगांवरची वस्ती सोडून जमिनीवर, रानाच्या कडेला घर करून राहिलेली. पहिल्याच भागात सहाजणींपैकीच दुसरी, ट्वायलाइट स्पार्कल, तिला नाव विचारते तेव्हा ती काहीतरी पुटपुटते. पुन्हा विचारलं की आवाज आणखी बारीक. शेवटी तर नुसती चिवचिव ऐकू येते. ट्वायलाइट निघण्याच्या बेतात असताना हिची नजर तिच्याबरोबरच्या ड्रॅगनच्या पिल्लावर जाते, आणि मग बाईंची टकळी सुरू होते ती थांबतच नाही. लाजाळू माणसं जवळून पाहिलेल्या कुणीतरी हे लिहिलंय, एवढं मला तिथंच कळलं. लाजाळू माणूस मुका नसतो. त्याचं बोलणं कुठल्या दारानं बाहेर येतं तेवढं ठाऊक असावं लागतं.

मग तिची परीक्षा सुरू होते, आणि नऊ पर्वं संपत नाही. पहिल्या पर्वात डोंगरावरच्या धूर सोडणाऱ्या ड्रॅगनपुढं तिला नेतात. पाय लटपटतात, दातखीळ बसते. पण ड्रॅगननं मैत्रिणींना इजा केली म्हटल्यावर ती त्याच्या नाकासमोर उडत जाऊन त्याला अशी खडसावते की तो हुंदके देत पंख पसरून निघून जातो. छान. आता ही धीट झाली, असं आपण समजतो. दुसऱ्या पर्वात तिला बाजारात कुणीही ढकलून रांगेत पुढं घुसतो, आणि ती आयर्न विल नावाच्या बलदंड मिनोटॉरच्या शिबिरात ठामपणा शिकायला जाते. शिकते ती दांडगाई. भानावर येते, मैत्रिणींची माफी मागते. चौथ्या पर्वात तिचा गोड आवाज लोकांना आवडतो, तर ती पडद्यामागून गाते, कारण समोर यायची भीती. पाचव्या पर्वात भयरात्रीच्या सणाला इतरांना घाबरवून दाखवते. सातव्यात जखमी प्राण्यांसाठी आसरा उभारते, आणि आपल्याला नेमकं काय हवंय हे नावाजलेल्या कारागिरांना न डगमगता सांगते.

यात प्रगती आहे का? आहे. पण पाटीवर धडा गिरवावा आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी मिळावी, अशी ती प्रगती आहे. ड्रॅगनला रडवलेली बाई रांगेत मागं का राहते, याचं उत्तर मालिकेजवळ नव्हतं. उत्तर गोष्टीबाहेर होतं. एकेक भाग वेगवेगळे लेखक लिहीत. पुनःप्रक्षेपणात भाग कुठल्याही क्रमानं लागत, आणि मधलाच एखादा भाग बघणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीलाही फ्लटरशाय म्हणजे ती भित्री, एवढं पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं. शिवाय दुकानात तिची बाहुली विकायला होतीच. बाहुलीचा चेहरा बदलत नाही.

मालिकेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्या पर्वात बहुतेक भागांच्या शेवटी ट्वायलाइट आपल्या राजकन्येला पत्र लिहून आज मैत्रीबद्दल काय शिकले ते कळवते. दुसऱ्या पर्वात एक भाग असा आहे की आठवडा संपत आला तरी कळवण्याजोगं काही शिकणं झालेलं नाही, म्हणून हिचं डोकं फिरतं आणि ती गावात स्वतःच भांडण लावून देते. दर आठवड्याला एक शहाणपण पुरवण्याच्या सक्तीनं माणूस वेडा होतो, हे मालिकेनंच स्वतःबद्दल सांगून टाकलं. लहान मुलांच्या कार्टूनकडून एवढा प्रामाणिकपणा मला अपेक्षित नव्हता.

फ्लटरशायची खरी लढाई माझ्या मते तिसऱ्या पर्वात झाली, जानेवारी 2013 मध्ये. डिस्कॉर्ड नावाचा एक खोडकर, महाबलाढ्य, विध्वंस हीच करमणूक मानणारा प्राणी तिच्या हवाली करतात. याला सुधार, म्हणतात. बाकीच्या पाचजणी हाताशी जादू घेऊन तयार. ही मात्र त्याला घरी नेते, खाऊपिऊ घालते आणि मैत्रीण म्हणवते. तो तिच्या भाबडेपणाचा पुरेपूर फायदा घेतो. शेवटी पाणी गोठवून त्याची घसरगुंडी करून टाकतो, आणि तिनं घातलेली एवढीशी विनंती धुडकावतो, तेव्हा ती त्याला म्हणते की मग मी तुझी मैत्रीण नाही. बस. ती पाठ फिरवते. आणि सगळ्या जगाला वेठीला धरणारा तो प्राणी तिथं उभ्या उभ्या हरतो, कारण आपल्याजवळ गमावण्यासारखं काही आहे हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं असतं.

माझी एक आत्या अशीच लढायची. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. रागावली की वाढण्यात काही फरक पडत नसे, आमटीत मीठ बरोबर असे, फक्त "अजून घे" एवढं म्हणत नसे. तेवढ्यानं काकांचं जेवण उतरायचं नाही. ही युक्ती नव्हे, स्वभाव आहे. जे आपल्याजवळ आहे तेच काढून घ्यायचं, दुसऱ्याचं काही हिसकावायचं नाही.

आणि नेमक्या याच सुमाराला, काही चाहते मंडळी फ्लटरशायला मारामारी शिकवत होती.

2011 मध्ये चाहत्यांच्या एका छोट्या चमूनं, मेन सिक्स हे त्यांचं नाव, या मालिकेवर एक लढाईचा गेम करायला घेतला. नाव ठेवलं 'फायटिंग इज मॅजिक'. कल्पना ऐकायला थट्टेचीच: मैत्रीचे गोडवे गाणाऱ्या सहा मैत्रिणी, आणि स्ट्रीट फायटरच्या जातीचा, समोरासमोर उभं राहून एकमेकींना लाथा घालायचा खेळ. साधनही हौशी मंडळींचं, फायटर मेकर नावाचं तयार सॉफ्टवेअर. पैसा नाही, परवानगी नाही, ओळखी इंटरनेटवरच्या. पण या माणसांनी थट्टा केली नाही. त्यांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला आणि इथंच माझं त्यांच्याकडं लक्ष गेलं.

लढाईचा गेम ज्यांनी खेळला नाही त्यांना तो मुठी आपटण्याचा प्रकार वाटतो. आत शिरलं की कळतं, हा चालीढालींचा खेळ आहे. एका सेकंदाचे साठ तुकडे. कुणाचा ठोसा उचलल्यापासून लागेपर्यंत चार-पाच तुकडे जातात, कुणाचा वीस घेतो पण बसला तर हाड मोडतो. कुणी अंगावर धावून येतं, कुणी अंतर राखून दुरून फेकतं, कुणी तुम्ही चुकण्याची वाट बघत बसतं. बटण न दाबता नुसतं सोडून दिलं तर ती व्यक्तिरेखा कशी उभी राहते, श्वास कसा घेते, वजन कुठल्या पायावर टाकते, हे सगळं कुणीतरी चित्र-चित्र करून काढलेलं असतं. तिथं निवेदक नाही, पत्र नाही, शेवटचं शहाणपण नाही. स्वभाव सांगायचाय तर अंगातूनच सांगायला लागतो.

म्हणजे मालिकेच्या लेखकाला जी पळवाट होती ती यांना नव्हती. तिथं ड्रॅगन आला तर फ्लटरशाय पलंगाखाली लपू शकते, आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊ शकते. इथं घंटा वाजली की समोरचा येणारच. लढायचं नाही असं म्हणता येत नाही. मग ती लढेल ती कशी? अॅपलजॅकचं सोपं होतं. बागेतली सफरचंदं ती मागच्या पायांची लाथ मारूनच पाडते, हातात दोर असतो. रेनबो डॅश म्हणजे वेग. ट्वायलाइट म्हणजे जादू. पण जी मुंगीलाही बाजूला होऊन वाट देते तिच्या हातात आपण काय देणार? शस्त्र दिलं तर ती फ्लटरशाय नाही. न द्यावं तर पहिल्या फेरीत मेली.

मालिकेनं तिच्याबद्दल 'ही धीट होईल का' असा प्रश्न लावला होता आणि तो पर्वामागून पर्व पुढं ढकलला. गेमनं विचारलं, 'ही आहे तशीच राहून उभी कशी राहील?' दुसरा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांना तोच पडलेला असतो.

उत्तर त्या नावाखाली यायचं नव्हतं. फेब्रुवारी 2013 मध्ये मालिकेची मालक असलेल्या हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं: काम थांबवा. घोड्या हॅस्ब्रोच्या, नावं हॅस्ब्रोची, रंगसुद्धा. कायद्यानं त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. दोन वर्षांचं काम गुंडाळून ठेवावं लागलं. पण त्याच महिन्याचं पान उलटून बघावं असं आहे. 16 फेब्रुवारी 2013 ला मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग लागला आणि त्यात ट्वायलाइटला पंख फुटले, ती राजकन्या झाली. अधिकृत व्यक्तिरेखेची सगळ्यात मोठी वाढ. चाहत्यांत रडारड झाली: ही वाढ आतून आलीय की बाहेरून बसवलीय, पंख तिनं मिळवलेत की तिला चिकटवलेत? मी दोन्हीकडचं ऐकलं. मला ते पंख आजही जरा सैलच वाटतात. पुढच्या पर्वांनी त्यांना हळूहळू बळ दिलं हे मान्य. राजकन्या होऊन करायचं काय, हा तिचा गोंधळ चांगला रंगवलाय. पण ज्या महिन्यात मालकांनी एकीला पंख लावले त्याच महिन्यात दुसरीकडं सहाजणींचे पाय बांधले, हे मनातून जात नाही.

यापुढची हकीकत एखाद्या कादंबरीत घातली तर संपादक 'फार जुळवून आणलंय' म्हणून खोडेल. त्या चमूच्या मदतीला आली लॉरेन फाउस्ट. ही मालिका जिनं घडवली तीच. पहिल्या पर्वाची ती मुख्य कर्ती. दुसऱ्यात नुसती सल्लागार उरली आणि मग बाहेर पडली. तिनं सांगितलं, तुम्हाला नव्या व्यक्तिरेखा मी काढून देते. 'स्कलगर्ल्स' हा नावाजलेला लढाईचा गेम करणाऱ्या लॅब झीरोचं इंजिन त्यांना मिळालं. 2015 मध्ये लोकांकडं पैसे मागितले: 4 लाख 36 हजार डॉलर हवे होते, 5 लाख 86 हजारांवर जमले. घोड्या गेल्या. त्यांच्या जागी आली एक गाय, एक रेनडिअर, एक अल्पाका, एक युनिकॉर्न, चिनी पुराणातली आगीची आयाळ असलेली लोंगमा, आणि एक मेंढी. नाव 'देम्ज फायटिन हर्ड्स'. फेब्रुवारी 2018 मध्ये अर्धामुर्धा आणि 30 एप्रिल 2020 ला पुरता बाहेर आला.

मेंढीचं नाव पॉम.

पण पॉमकडं जाण्याआधी थोडं मागं जायला हवं, कारण या भित्रीचं नाव हरवण्याची ही पहिली वेळ नव्हती. लॉरेन फाउस्ट लहान असताना, ऐंशीच्या दशकात, हॅस्ब्रोच्या पहिल्या पिढीतल्या प्लॅस्टिकच्या घोड्या घेऊन खेळायची. खेळताना तिनं त्यांना स्वभाव दिले. टीव्हीवर त्यांच्यावर निघालेली कार्टूनं तिच्या डोक्यातल्या गोष्टींपुढं अगदीच अळणी होती. पुढं ती मोठी झाल्यावर हॅस्ब्रोनं तिलाच नवी मालिका करायला सांगितली, तेव्हा तिनं तेच जुने खेळगडी काढले: फायरफ्लाय, सरप्राइज, ट्वायलाइट, अॅपलजॅक, आणि पोझी नावाची एक पिवळी, फुलांची घोडी. तर जुन्या नावांपैकी बऱ्याच नावांवरचा हक्क कंपनीकडं उरलेला नव्हता. म्हणून फायरफ्लायची रेनबो डॅश झाली, सरप्राइजची पिंकी पाय झाली. आणि पोझीला पंख लावले, तिची फ्लटरशाय झाली.

थोडक्यात, ज्या मूळ मालिकेशी आपण चाहत्यांच्या खेळाची तुलना करायला बसलोय ती मालिकाच मुळात एका चाहतीचा खेळ होता. जमिनीवर बसून, हातात प्लॅस्टिकची घोडी घेऊन, आवाज काढून खेळलेला. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे ठरवायला बसलं तर हाती काही लागणार नाही. दोन्ही खेपेला नाव वकिलांनी बदललं. स्वभाव कुणाच्या नोंदवहीत नव्हता, म्हणून तो वाचला.

हे काही अमेरिकेतच घडतं असं नाही. आपल्या तमाशातली गौळण बघा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर ती जी मावशी असते, पुरुषानं पदर घेऊन केलेली, कृष्णाला आडवी येणारी, तोंडाळ आणि तरीही त्या पोरींची पाठराखीण, ती भागवतात शोधून सापडायची नाही. तिला फडानं जन्माला घातलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिची जीभ तिखट केली. कृष्ण मूळच्या पोथीतला असल्यामुळं तिथं त्याला फारसं बदलता येत नाही. मावशी मात्र दर खेळाला नवी असते. (मी स्वतः मावशी असल्यामुळं तिची बाजू घेते असं भाच्याचं म्हणणं आहे.) या घोड्यांच्या मालिकेतही अशी एक मावशी झाली होती. पहिल्या भागात गर्दीत एका करड्या घोडीचे डोळे चितारताना तिरळे झाले. चाहत्यांनी तिला हेरलं, डर्पी असं नाव दिलं, पोस्टमनचं काम दिलं, पोर दिली, धांदरटपणा दिला. जानेवारी 2012 मध्ये मालिकेनं तिला त्याच नावानं हाक मारून बोलतं केलं. त्यावर तक्रारी आल्या, की हे व्यंगावर हसणं आहे, आणि नंतरच्या आवृत्तीत नाव काढलं, आवाज बदलला, डोळे सारखे केले. पुढं 2015 मध्ये शंभरावा भागच मालिकेनं अशा मागच्या रांगेतल्यांना देऊन टाकला. तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. डर्पीवर माया करणाऱ्यांचंही.

तर पॉम. लहानखुरी, लोकरीचा गोळा, डोळ्यांत कायम "माझं काही चुकलं का" असा भाव. फीनम नावाचं तिचं जग. तिथं पूर्वी कोंडून घातलेले शिकारी प्राणी पुन्हा सुटायच्या बेतात आहेत, आणि गवत खाणाऱ्या प्रत्येक जमातीनं आपला एक वीर निवडायचाय. त्या वीरांनी आपसांत लढून ठरवायचं की दाराची किल्ली कुणाच्या हाती द्यायची. मेंढ्यांच्या वतीनं आली ही. आणि ती लढते कशी? कुत्र्यांना बोलावते. कळपात कुत्रा मेंढ्यांना राखतो. इथं मेंढीच कुत्र्यांना सांभाळते. पिल्लू पुढं धावतं, मोठा कुत्रा वाट अडवतो, आणि ही मागं, थोडी बाजूला. तिला मारायचं तर आधी तिच्या माणसांतून, म्हणजे कुत्र्यांतून, वाट काढावी लागते.

हे उत्तर बघितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तिला धीट केलं नव्हतं. एकटीही सोडलं नव्हतं. भित्रं माणूस जगात उभं राहतं ते बहुतेक वेळा असंच राहतं: ज्यांच्यावर माया केली ते पुढं येतात म्हणून. रानातल्या सशा-अस्वलांना जपणाऱ्या फ्लटरशायच्या गोष्टीत हे बी होतंच. मालिकेनं त्याचा वापर बहुतेकदा गोडव्यासाठी केला. गेमनं त्यावर तिचं सगळं तंत्र उभारलं.

भाचा आता मोठा झालाय. तो अॅरिझोना घेतो, ती गाय. म्हणजे अजून पाडीच. तरणी, उतावळी, दोर फेकून ओढून आणणारी. मी पॉम घेते. आमचं संभाषण साधारण असं चालतं:

"मावशी, तू नुसती पळतेस."

"पळत नाहीये. अंतर ठेवतेय."

"तेच ते."

"तेच ते नाही. पळणारा बघत नाही. मी तुझ्याकडंच बघतेय."

मग तो धावून येतो, मी पिल्लू सोडते, पिल्लू चुकतं, आणि मी हरते. पॉम घेऊन खेळणं अवघड आहे. स्वतःचंही भान ठेवायचं आणि कुत्र्याचंही, एका हातानं पळायचं आणि दुसऱ्यानं पाठवायचं. पण खेळता खेळता एक गोष्ट घडते, ती कुठल्याही मालिकेत घडू शकत नाही. सुरुवातीला माझ्या हातातली पॉम खरंच भेदरलेली असते: कोपऱ्यात चेपलेली, वेळेआधी कुत्रे सोडणारी. बोटांना सवय झाली की तीच मेंढी, त्याच चित्रांत, तसेच डोळे करून, थांबायला शिकते. दोन पावलं मागं, एक पुढं. चित्रकारानं काहीच बदललेलं नाही. बदल माझ्या मनगटात झालाय आणि दिसतो तिच्या अंगावर. व्यक्तिरेखेची वाढ म्हणतात ती इथं खेळणाऱ्याकडून उसनी घेतलेली असते. दुसऱ्याच्या हातात ती पुन्हा पहिल्या दिवसासारखी भेदरते. मालिकेची पाटी पर्वाला पुसली जायची, गेमची हात बदलला की.

इतर पाचजणींनाही नाव गेल्याचा फायदाच झाला. ओलिअँडर ही पुस्तकवेडी युनिकॉर्न बघितली की ट्वायलाइट आठवल्याशिवाय राहत नाही, पण हिच्या पुस्तकात एक राक्षस राहतो, फ्रेड नावाचा, आणि तिचा त्याच्यावर जरा जास्तच भरवसा आहे. ट्वायलाइटचं पुस्तकवेड मालिकेनं कायम सद्गुण म्हणूनच दाखवलं. त्याची काळी बाजू इथं उघडी पडते. व्हेल्वेट रेनडिअरमध्ये सहा मैत्रिणींतल्या रॅरिटीचा तोरा आहे, तिचं मन मोठं असण्याची हमी मात्र नाही. पाप्रिका अल्पाका पिंकीसारखी गळ्यात पडते. फक्त समोरच्याला ते नको असलं तरी सोडत नाही. मूळ घोड्यांना वाईट होण्याची मुभा नव्हती, झाल्या तर वीस मिनिटांपुरत्या. यांना ती मिळाली. हॅस्ब्रोनं परवानगी दिली असती तर कदाचित आपल्याला सहा ओळखीच्या घोड्या सुरेख लाथा मारताना दिसल्या असत्या, आणि तेवढंच.

एवढं असूनही मी मालिकेची बाजू अजून सोडलेली नाही. स्वभाव रेखाटणं आणि स्वभावाला काळातून चालवत नेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला वर्षं लागतात. फ्लटरशायनं पाचव्या पर्वात भयरात्रीला सगळ्यांना घाबरवून दाखवलं, त्या भागाचा शेवट मला फार आवडतो. मैत्रिणी म्हणतात, बघ, जमलं की तुला. ती म्हणते, हो जमलं, पण मला आवडलं नाही. पुढच्या वर्षी मी घरीच थांबेन. आधीच्या पर्वांत घरी थांबणं ही तिची भीती होती. आता ती निवड आहे. कृती तीच, माणूस बदललेला. हे दाखवायला मागं चार पर्वांची शिदोरी लागते, तीच ती पुन्हा पुन्हा कोरी झालेली पाटी लागते. साठ तुकड्यांच्या एका सेकंदात हे बसत नाही.

गेमला हे कळत होतं, म्हणून त्यात एक कथाविभागही होता. प्रत्येकीचा एक अध्याय. पहिला अॅरिझोनाचा: घर सोडून निघते, धावते, उड्या मारते, वाटेत लढते. गेम पुरा बाहेर आला तेव्हा तेवढा एकच तयार होता, आणि बाकीचे येतील असं सांगितलं होतं. मध्ये नव्या लढवय्या आल्या, अॅरिझोनाचा बाप टेक्सससुद्धा आला. 2023 च्या अखेरीस चमूनं जाहीर केलं की काम इथंच थांबतंय. कथेचे पुढचे अध्याय येणार नाहीत. या वेळी वकिलाचं पत्र नव्हतं.

म्हणून निकाल विचाराल तर माझा असा आहे. फ्लटरशाय वाढली, अडखळत, धडे विसरत, पण वाढली. तिला नऊ वर्षं मिळाली. पॉम तिच्याहून नेमकी आहे, जास्त खरी आहे, आणि आहे तिथंच उभी आहे. तिला लढता येतं. लढून झाल्यावर ती घरी जाऊन काय सांगते, कुत्र्यांना मिठी मारून रडते की हसते, किल्ली नको म्हणते की घेते, ते कुणी लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला तो अध्याय लिहावासा वाटला तर जरूर लिहा. मेंढी हवी असं नाही, कुत्रेही हवेत असं नाही. ती भेदरलेली नजर आणि मागं उभं राहून समोरच्याकडं बघत राहणं तेवढं असू द्या. नाव मात्र नवं ठेवा.